लिफाफा परत केला, पण "येशूमुळे का?" विचारल्यावर "नाही रे" म्हणाले

मीठभर (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०:४८

नमस्कार, सलाम, जय ख्रिस्त. ज्याला जे चालेल ते घ्या.

बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते. आज लिहितेय, कारण दुसरीकडे बोलायची सोय नाही. नवरा म्हणतो, तू फार विचार करतेस. आणि चर्चच्या मंडळीत बोलले तर पुढच्या रविवारी माझ्यासाठी सगळ्यांसमोर प्रार्थना होईल.

आम्ही ठाण्यात कोलशेत रोडला राहतो. चार विंगची सोसायटी, मी दोन वर्षांपासून खजिनदार. मूळचे नगरचे, प्रोटेस्टंट. आडनाव असं की त्यावरून कोणाला काही कळत नाही. दिवाळीआधी लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट द्यायचं होतं, तीन कोटेशनं आलेली. त्यातल्या एकाचा माणूस घरी काजूकतलीचा डबा देऊन गेला. डब्याखाली लिफाफा. मी तो परत केला आणि मीटिंगमध्ये तसं सांगितलं. दोघांचे चेहरे उतरले, त्यावरून काय ते समजा. बरीच तूतूमैंमैं होऊन ठराव झाला की कंत्राटदारांकडून सोसायटीत कोणी काहीही घ्यायचं नाही.

इथवर ठीक. सी विंगमध्ये एक मुलगा आहे, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वडील समितीत आहेत, त्यामुळे घरी सगळं ऐकलेलं. परवा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. म्हणाला, "काकू, तुम्ही ते पैसे परत केलेत ते येशूमुळे का?" टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी म्हणाले, "छे रे, येशू कुठे आला त्यात! असंच."

तो पाचव्यावर उतरला. मी घरात शिरते तोच कुकरची शिट्टी झाली. हसाल तुम्ही, पण मला कोंबडा आरवल्यासारखं झालं, बायबलमधल्या पेत्राने येशूला ओळखतच नाही असं तीनदा म्हटल्यावर आरवला तसा.

तसं का म्हणाले याची दोन कारणं मी स्वतःला देतेय. एक, सध्याचं वातावरण. उद्या वडील म्हणायचे, आमच्या पोराला नादी लावतेय. दुसरं, चांगलं काम करून वर धर्माचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात वाटते. पण दुसरं कारण मला नंतर सुचलं, हेही खरं.

तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आलीय का? तुम्ही काय करता?

---

साष्टीकर | सोमवार, रात्री ११:२०

ताई, तुम्ही सुखी आहात. आडनावावरून कळत नाही म्हणता! आमचं आडनाव म्हणजे जन्मापासून गळ्यात पाटी. ईस्ट इंडियन आहे, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचा मूळचा कॅथलिक, पिढ्यान्‌पिढ्या ठाण्यातला, घरी आणि दारी मराठीच बोलतो. तरी नाव सांगितलं की समोरचा "गोव्याचे का?" विचारतो. त्यामुळे आम्हाला निवडच नसते. मी सिग्नल तोडला तर "ते लोक" सिग्नल तोडतात, आणि शेजाऱ्याला दवाखान्यात नेलं तर "ते लोक" फार सेवाभावी. माझा मुद्दा असा की प्रभाव पडतोच, आपण सांगा वा न सांगा.

आमच्या पॅरिशमध्ये (म्हणजे भागातल्या चर्चमध्ये) सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या नावाची सोसायटी आहे, बऱ्याच पॅरिशांत असते. माझे वडील तीस वर्षं त्यात होते. दर आठवड्याला जोडीने गरजू घरांना भेट द्यायची: रेशन, फी, औषधं. कोणाकडे गेलो ते बाहेर बोलायचं नाही. बैठकीत एक थैली फिरते, तीत प्रत्येकाने मूठ घालायची, म्हणजे कोणी किती टाकले ते शेजारच्यालाही कळत नाही. वडील गेल्यावर माजिवड्याहून एक बाई आल्या. म्हणाल्या, माझ्या दोन्ही मुलींची दहावीपर्यंतची फी यांनी आणून दिली. आईलासुद्धा ठाऊक नव्हतं.

त्या बाई वारकरी आहेत. वडिलांनी त्यांना येशूचं नाव कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना सांगायची गरजही पडली नसावी. माझं मत: तुम्ही त्या मुलाला दिलेलं उत्तर बरोबरच होतं. मनाला लावून घेऊ नका.

---

तर्कट | सोमवार, रात्री ११:५२

मी कुठलाच देव मानत नाही आणि महापालिकेच्या कामात असताना दोनदा लिफाफा परत केलाय. मला कोणी विचारलं नाही, "साहेब, नास्तिक म्हणून का?"

चांगलं वागायला वरचा पहारेकरी कशाला लागतो? तुम्ही म्हणालात तेच खरं असू द्या ना: "असंच." उलट "येशूमुळे" म्हणाला असतात तर त्या पोराने काय अर्थ घेतला असता? की येशूला न मानणारे त्याचे वडील खातात?

---

मीठभर | मंगळवार, सकाळी ७:१५

तर्कट, शेवटचं वाक्य बोचलं, कारण मुद्दा बरोबर आहे. हे मला सुचलं नव्हतं.

पण "असंच" खरं नाही हो. काल लिहिलं नाही ते आज लिहिते. तो लिफाफा मी दारातून परत केला नव्हता. दोन दिवस तो माझ्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याखाली होता. मी मोजलेसुद्धा. मुलाच्या क्लासचा हप्ता जवळजवळ तेवढाच होता. आणि ती एजन्सी तशीही सगळ्यात स्वस्त होती, मी शिफारस तिचीच करणार होते. म्हणजे कोणाचं नुकसान नाही, असा हिशेब मांडून झाला होता.

दुसऱ्या रात्री रोजच्यासारखी प्रार्थनेला बसले. आमच्याकडे जेवणानंतर पाच मिनिटं बसतो, मुलगा बायबलमधलं एखादं वचन वाचतो. त्या दिवशी तो जक्कयाचा भाग वाचत होता: तो बुटका जकातदार, उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी जेवायला येतो म्हटल्यावर तो उभा राहून सांगतो, कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करीन. मुलाने पुस्तक मिटलं आणि मला म्हणाला, "आई, तू ऐकत नाहीयेस." मी ऐकतच होते.

तुम्हाला पहारेकरी लागत नसेल. मला लागला. मी स्वभावाने काही फार सरळ बाई नाही. म्हणून त्या मुलाला "असंच" म्हणणं म्हणजे मी स्वतःला आहे त्याहून चांगली दाखवणं झालं. साष्टीकरदादा, तुमच्या वडिलांबद्दल वाचून भरून आलं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं.

---

तर्कट | मंगळवार, सकाळी ९:०२

हे आवडलं. पिठाच्या डब्यासकट.

---

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ९:४०

धर्माचं बाकीचे बोलतील, मी कामाचं बोलतो. लिफाफा परत केल्याची नोंद मिनिट्समध्ये आहे का? तारीख, कोणी आणला, कोणाकडे परत दिला? नसेल तर आधी घ्या. हे लोक उद्या सांगतात, मॅडमनी ठेवून घेतला. कंत्राट त्यांना दिलं नसेल तर नक्की सांगतात. तिन्ही कोटेशनांचा तुलनातक्ता सूचनाफलकावर लावा. प्रामाणिक माणसाचे कागद इतरांपेक्षा जास्त नीट लागतात, एरवी कोणी बघत नाही, तुमचे बघतील.

---

मीठभर | मंगळवार, सकाळी ११:०५

नोंद आहे, पण मोघम. आज सेक्रेटरींना सांगते. धन्यवाद, हे खरंच डोक्यात नव्हतं.

---

खाडीपलीकडची | मंगळवार, दुपारी २:३३

मी नेरूळची, हिंदू. घरी पाच दिवसांचा गणपती असतो. बोलू का नको असं वाटत होतं, पण या धाग्यावर दुसऱ्या टोकाचं कोणी लिहिलेलं दिसत नाही.

चार वर्षांपूर्वी बाबा आयसीयूत होते, चोवीस दिवस. ऑफिसमधल्या दोन ख्रिस्ती सहकारी भेटायला आल्या. पहिली तिसऱ्याच दिवशी आली, डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना केली आणि जाताना आईच्या हातात पत्रक ठेवून गेली: वरच्या देवावर विश्वास ठेवा म्हणजे बरे होतील, अशा अर्थाचं. आई घाबरली. रात्रभर मला विचारत होती, आपण काही चुकीचं करतोय का गं? त्या अवस्थेतल्या बाईला असं काही देणं मी आजही माफ करू शकलेले नाही. माणूस वाईट नव्हता तिच्यातला. पण ती आमच्यासाठी आली होती की पत्रकासाठी, हे आम्हाला कळलं नाही.

दुसरी वाशीला राहते. ती रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर डबा घेऊन यायची. भाकरी, पालेभाजी, कधी आमटी. बाबांची चौकशी करायची नाही, कारण प्रत्येकाला तेच तेच सांगून आम्ही थकलो होतो. आईला म्हणायची, "काकू, तुम्ही दोन तास घरी जाऊन आंघोळ करून या, मी बसते." आयसीयूच्या बाहेरच्या त्या लोखंडी खुर्च्या! तिथे ती किती रात्री बसली असेल. तिसऱ्या आठवड्यात तिच्या पर्समधून काहीतरी काढताना जपमाळ खाली पडली. मीच विचारलं, "तू इथे बसून जप करतेस?" म्हणाली, "हो. तुमच्या बाबांचं नाव घेऊन. तुम्हाला चालणार नसेल तर थांबवते." एवढंच.

बाबा वाचले नाहीत. ती स्मशानातही आली होती.

मी आजही हिंदूच आहे आणि तिने मला कधी वेगळं काही सुचवलं नाही. पण आता ओळखीत कोणी अ‍ॅडमिट असलं की मी डबा नेते आणि चौकशी करत नाही. हे मी तिच्याकडून शिकले, आणि तिने ते कोणाकडून शिकलं हेही मला माहीत आहे. मीठभरताई, तिने मला खोटं उत्तर दिलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. बस, एवढंच सांगायचं होतं.

---

साष्टीकर | मंगळवार, दुपारी ३:१०

वरचं वाचून माझं कालचं मत अर्धं बदलतो.

---

पाळकाचा_धाकटा | मंगळवार, रात्री ९:५५

पाळकाच्या (चर्चच्या धर्मगुरूच्या) घरात वाढलोय, त्यामुळे वचनं पाठ आहेत, आचरणाचं विचारू नका.

बघा, गंमत अशी की येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात दोन्ही गोष्टी आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या, तुमची सत्कर्मं त्यांना दिसू देत. आणि सहाव्याची सुरुवातच अशी: लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका, दान करताना डाव्या हाताला कळू देऊ नका उजवा काय करतो ते. एकाच प्रवचनात, पान उलटायच्या आत. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, नक्की काय करायचं, दाखवायचं की लपवायचं? ते म्हणाले, दोन्ही वाक्यांचा शेवट वाच. पहिल्यात लोक गौरव करतात तो स्वर्गातल्या पित्याचा. दुसऱ्यात वाहवा मिळते ती करणाऱ्याला. म्हणजे दिसावं की नाही हा प्रश्नच नाही. दिसल्यावर टाळ्या कोणासाठी, हा आहे.

ताईंचा आयडी बघून आणखी एक आठवलं. त्या प्रवचनात दिव्याच्या आधी मीठ येतं: तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात. आमटीत मीठ कुठे आहे ते कोणी दाखवू शकत नाही, पण नसलं तर पहिल्या घासाला कळतं. आणि दिवा झाकून ठेवला तर उपयोग नाही. साष्टीकरांचे वडील मीठ होते. खाडीपलीकडच्या ताईंची मैत्रीण चोवीस दिवस मीठ होती, आणि विचारल्यावर अर्ध्या मिनिटापुरता दिवा.

आता पेत्र. तुम्ही कोंबडा म्हणालात म्हणून. येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याला अंगणात तीनदा विचारलं, तू त्याच्यातलाच ना, आणि तीनदा तो नाही म्हणाला, त्यातही एकदा विचारणारी साधी दासी होती. याच पेत्राच्या नावावर जे पहिलं पत्र आहे, त्याच्या तिसऱ्या अध्यायातलं पंधरावं वचन काढून बघा. तुमच्या आशेबद्दल जो कोणी विचारील त्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. दारोदार जाऊन सांगा असं तिथे नाही. विचारील त्याला. हे लिहिताना त्या माणसाला ते अंगण आठवलं नसेल का? मला तर नेहमी वाटतं, एवढी बारीक सूचना त्यालाच सुचणार, ज्याची स्वतःची दांडी तिथे उडाली होती.

तर माझ्या मते तुम्ही चुकलात. पण चुकणाऱ्यालाच पुढे हे लिहायला मिळालं.

---

तर्कट | मंगळवार, रात्री १०:३०

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण धागाकर्तीची खरी भीती तीच दिसते. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरणाचा आणि प्रसाराचाही हक्क आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपल्या धर्माची तत्त्वं मांडून सांगता येतात. एका मुलाने विचारलेल्या प्रश्नाला लिफ्टमध्ये "हो" म्हणणं यात कुठेच बसत नाही. कोर्टात जिंकाल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हराल, ते वेगळं.

---

जुनंठाणं | बुधवार, सकाळी ६:५०

थोडं अवांतर, पण ठाण्याचंच.

साक्ष हा शब्द ख्रिस्ती मंडळी फार वापरतात. "साक्ष दिली", "साक्षीचं जीवन". ग्रीकमध्ये साक्षीदाराला जो शब्द आहे त्यावरूनच पुढे हुतात्म्यासाठीचा शब्द आला. आणि या शब्दाचे दोन्ही अर्थ ठाण्यात एकाच आठवड्यात एकत्र आले होते, एप्रिल १३२१ मध्ये. म्हणजे पोर्तुगीज यायच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी.

संत फ्रान्सिसच्या, म्हणजे फ्रान्सिस्कन पंथाचे चार साधू चीनला जायला निघालेले, ठाण्यात उतरले: टोलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा दिमित्री. पहिले तिघे इटलीचे, चौथा जॉर्जियाचा, तो दुभाष्याचं काम करायचा. इथे नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाचे) ख्रिस्ती राहत होते, त्यांच्यापैकी एका घरात उतरले. पुढे काय झालं ते ओडोरिक नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलंय, तो थोड्याच काळाने इथे आला होता. घरातल्या नवराबायकोचं भांडण झालं, नवऱ्याने मारलं. बायको काझीकडे गेली. साक्षीदार कोण, विचारल्यावर म्हणाली, आमच्याकडे उतरलेले साधू. म्हणजे त्यांना बोलावलं होतं घरगुती मारहाणीची साक्ष द्यायला! तिथे गेल्यावर गोष्ट धर्माच्या वादावर गेली, त्यांना पैगंबरांबद्दल मत विचारलं गेलं, आणि शेवट त्यांच्या मरणात झाला. पीटर त्या दिवशी सामान सांभाळायला घरी राहिला होता. त्यालाही दोन दिवसांनी मारलं. हाडं ओडोरिक पुढे चीनला घेऊन गेला.

मला यात नेहमी ती बाई आठवते, जिचं नाव कोणी लिहिलं नाही. मार खाल्लेल्या बाईला शहरात कोणाची साक्ष विश्वासाची वाटली? चार दिवसांच्या पाहुण्यांची.

जाता जाता. संत फ्रान्सिसच्या नावाने एक वाक्य फिरतं, सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा, अशा अर्थाचं. त्याच्या लिखाणात ते सापडत नाही. मात्र १२२१ च्या त्याच्या नियमावलीत, परधर्मीयांत जाणाऱ्या साधूंसाठी दोन पद्धती दिल्यात. एक, वाद घालू नये, सगळ्यांपुढे नम्र राहावं आणि आपण ख्रिस्ती आहोत हे मान्य करावं. दुसरी, देवाला आवडेल असं दिसेल तेव्हा वचन सांगावं. पहिल्या पद्धतीतसुद्धा "आपण ख्रिस्ती आहोत हे मान्य करावं" आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे कुकरच्या शिट्टीची केस तिथेही लागू होते.

---

जालना_ते_ऐरोली | बुधवार, दुपारी १:१८

सगळे फार गोड बोलतायत म्हणून थोडं कडू.

आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती आणि तीन पिढ्या ते न सांगण्याची सवय. आजोबा महारवाड्यातून मिशनच्या शाळेत गेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा लाभ ख्रिस्ती झालेल्याला नाही. मग कागदावर एक आणि घरात एक, असं अनेकांनी केलं. पोट होतं. ज्यांनी केलं त्यांना मी दोष देत नाही. पण "विचारलं तर सांगा" हे वचन तुमच्यासाठी जितकं सोपं आहे तितकं सगळ्यांसाठी नसतं, एवढं लक्षात ठेवा.

दुसरं. बाहेर प्रकाश पाडायचं बोलताय तर आधी आतले दिवे बघा. लग्न जुळवताना "मूळचे कोण?" हा प्रश्न ख्रिस्ती घरांत विचारला जात नाही असं छातीवर हात ठेवून सांगा कोणीतरी. माझ्या बहिणीच्या वेळी विचारला गेला, चर्चच्या आवारातच, हातात चहाचा कप घेऊन. मग सोसायटीतल्या हिंदू पोरावर कसला प्रभाव टाकणार आपण?

तरी एक लिहितो. नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला "देवाचा दरबार" सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही चालायचे. शंभर वर्षांपूर्वी मराठी माणसाने दार इतकं उघडं ठेवलं होतं. आपण ते किती लोटून घेतलंय ते ज्याने त्याने बघावं.

---

मीठभर | बुधवार, दुपारी ४:००

जालना ते ऐरोली, तो प्रश्न आमच्या घरात माझ्या सासूबाईंनी विचारला होता. माझ्याबद्दलच. यापेक्षा जास्त इथे लिहीत नाही. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

---

रातपाळी | बुधवार, रात्री ११:४७

मोबाइलवरून लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

माझे वडील मानपाड्याला एका सोसायटीत वॉचमन होते, बावीस वर्षं. मीठभरताई, तुम्ही लिहिलंय की ठराव झाला, कंत्राटदारांकडून सोसायटीत कोणी काहीही घ्यायचं नाही. "कोणी" मध्ये वॉचमन आणि सफाईवाल्या मावशी पण आल्या का?

कारण लिफ्टवाला, टाकी साफ करणारा, पेस्ट कंट्रोलवाला, हे सगळे दिवाळीला वॉचमनला मिठाईचा पुडा आणि शेदोनशे रुपये देतात. त्याच्या हातात कंत्राट नसतं, त्यामुळे ती लाच नसते. आमच्याकडे दिवाळीचे फटाके त्यातून यायचे. एका वर्षी तिथल्या समितीत एक फार तत्त्वाचे गृहस्थ आले आणि हे बंद झालं. सोसायटीने त्याबदल्यात काही दिलं नाही. त्या साहेबांना वडील रोज सलाम करायचे, पण घरी त्यांचं नाव निघालं की गप्प बसायचे.

तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुम्ही येशूमुळे केलं की असंच केलं यावर इतकी चर्चा झाली, म्हणून विचारलं.

---

मीठभर | गुरुवार, पहाटे ५:३०

आले. "कोणी" मध्ये सगळे आले.

रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि झोप नाही. दिवाळीत आमच्या गेटवरच्या काकांनी मला नेहमीसारखं "हॅपी दिवाली मॅडम" केलं नव्हतं, ते आत्ता आठवलं. मला वाटलं होतं, त्यांची तब्येत बरी नसेल.

---

हिशेबनीस | गुरुवार, सकाळी १०:१२

ठराव दुरुस्त करता येतो. शब्दरचना अशी करा: समिती सदस्य आणि त्यांचे कुटुंबीय. कर्मचाऱ्यांसाठी वेगळा दिवाळी निधी, प्रत्येक फ्लॅटमागे ठरावीक रक्कम, सोसायटीच्या खात्यातून, सही घेऊन वाटप. वॉचमन एजन्सीचे असले तरी बक्षीस सोसायटी देऊ शकते. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत घाला.

---

तर्कट | गुरुवार, सकाळी १०:४०

या धाग्यावरचा सगळ्यात ख्रिस्ती प्रतिसाद रातपाळींचा आहे आणि ते ख्रिस्ती आहेत की नाही हे कोणालाच माहीत नाही.

---

रातपाळी | गुरुवार, सकाळी ११:०१

नाही. पण आई कुठल्याही देवाच्या दारात जाते, नोव्हेनाला (प्रार्थनेला) पण जायची माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी 🙂

---

मीठभर | १९ डिसेंबर, रात्री ९:२०

धागा वर काढतेय, माफ करा. काहींनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, पुढे काय झालं.

सभा गेल्या रविवारी झाली. मी चर्चमधली उपासना अर्धी टाकून आले, कारण सभा अकराला होती. मीच उभी राहून सांगितलं की ठराव लिहिताना माझी चूक झाली, त्यात आपल्या माणसांचं नुकसान झालं. ज्या दोघांचे चेहरे दिवाळीआधी उतरले होते त्यातले एक मोठ्याने म्हणाले, "बघा, तेव्हाच सांगत होतो." ते तेव्हा असं काही सांगत नव्हते, पण मी गप्प बसले. निधीचा ठराव झाला. या वर्षीचं राहिलेलं नाताळच्या आधी वाटायचं ठरलं. कोणीतरी म्हणालं, नाताळला का, नवीन वर्षाला द्या. त्यावर पंधरा मिनिटं गेली. शेवटी ३१ डिसेंबर.

गेटवरच्या काकांना मी आधीच जाऊन सांगितलं होतं. म्हणाले, "ठीक आहे मॅडम." मला वाटलं होतं काहीतरी जास्त बोलतील. का बोलावं त्यांनी?

आता तो मुलगा. महिनाभर लिफ्टमध्ये भेटलाच नाही, म्हणजे मी खरं तर जिना वापरत होते. परवा आमच्या दारावर नाताळची चांदणी लावत होते, स्टुलावर चढून, तर तो वरून खाली येत होता. वायर धरायला थांबला. मी म्हणाले, "तू मागे एक विचारलं होतंस. तेव्हा मी खोटं बोलले. हो, त्याच्यामुळेच. माझ्या एकटीच्या बळावर मी ठेवून घेतले असते." तर्कट, तुमचं वाक्य लक्षात होतं, म्हणून पुढे हेही म्हणाले की न मानणारे लोकही परत करतात, मी ओळखते अशा एकाला.

तो थोडा वेळ वायर धरून उभा राहिला. मग म्हणाला, "काकू, पैसे परत करताना तुम्हाला भीती नाही वाटली आणि हे सांगताना वाटली?"

मी म्हणाले, वाटली. तो म्हणाला, ओके. चांदणी लागते का बघायला बटण दाबलं, लागली नाही. होल्डरमध्येच गडबड होती. त्याने खाली जाऊन टेस्टर आणला.

---

खाडीपलीकडची | १९ डिसेंबर, रात्री ९:४१

🙏 त्याच्या घरी कळलं का?

---

मीठभर | १९ डिसेंबर, रात्री ९:५०

माहीत नाही. वडील काल लिफ्टमध्ये भेटले, "नमस्कार" म्हणाले. नेहमी एवढंच म्हणतात.

---

पाळकाचा_धाकटा | १९ डिसेंबर, रात्री १०:०५

सभेसाठी उपासना अर्धी टाकलीत हे आमच्या वडिलांना सांगत नाही.

---

साष्टीकर | १९ डिसेंबर, रात्री १०:१८

ताई, ठाण्यातच आहात तर नाताळला या घरी. फुगे (आमच्याकडचा तळलेला पदार्थ) आणि करंज्या दोन्ही असतात. तर्कट, तुम्हीही. रातपाळी, ड्यूटी नसेल तर. आणि ते लिफ्टचं कंत्राट शेवटी कोणाला दिलं?

---

मीठभर | १९ डिसेंबर, रात्री १०:२६

तिसऱ्याला. बी विंगची अजूनही चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये अडकते.